बोल्ट घट्ट, थेंब चालूच: एका जुन्या मारुती 800 च्या चेंबरचं प्रकरण

काकूंच्या रांगोळीवर तेलाचा पहिला ठिपका पडला तो दिवाळी उलटून आठवडा झाल्यावर. जुळे सोलापुरात काकांचं घर आहे. पुढं शहाबादी फरशीचं अंगण, त्यात 1997 सालची पांढरी मारुती 800. गाडीची जागा ठरलेली, रांगोळीचीही ठरलेली, आणि दोन्हींत जेमतेम हातभर अंतर. काकांनी गाडी थोडी पुढं घेतली की इंजिन बरोबर रांगोळीवर येतं. काकूंनी दोन दिवस मुकाट्यानं पुसलं, तिसऱ्या दिवशी आतूनच ओरडल्या, “ओ, तुमच्या गाडीला पाझर फुटलाय की!”

तो पाझर बंद व्हायला मे उजाडला. मधल्या सहा महिन्यांत तीन दुरुस्त्या झाल्या आणि तिन्ही फसल्या. त्यातल्या एकीनं तर नवाच आजार जडवला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, पण पोट विम्याच्या कामावर भरतो. त्यामुळं या प्रकरणात सुरुवातीला माझा वाटा गाडी गॅरेजला नेणं-आणणं एवढाच होता. पुढं मात्र वहीत नोंदी ठेवायला लागलो. हे लिहिलंय ते त्या वहीवरूनच.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 मध्ये बनायची थांबली. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, काकांच्या गाडीला अजून कार्ब्युरेटर. तेल साधारण तीन लिटर मावतं. इंजिनाच्या बुडाला पत्र्याचं जे पसरट भांडं असतं त्याला गॅरेजात सगळे चेंबर म्हणतात, मीही तेच म्हणणार. चेंबरच्या तळाला तेल सोडायचा बोल्ट, 14 मिलिमीटर जाडीचा, दीड मिलिमीटर पिचच्या, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेल्या आट्यांचा. याला कोणी नट म्हणतं, कोणी प्लग. त्याला सतराचा पाना लागतो. पत्रा पातळ, त्यात आटे पाडता येत नाहीत, म्हणून भोकात एक जाड बुश, म्हणजे आतून आटे असलेली आखूड नळी, बसवून कडेनं वेल्ड केलेला असतो. बोल्ट त्या बुशात फिरतो आणि बोल्टाचं डोकं आणि बुशाचं तोंड यांच्यामध्ये वायसर दबतो. काकांचा चेंबर गाडीबरोबर आलेला नव्हता. कधीतरी गावाकडच्या रस्त्यावर दगडाला आपटून मूळचा फुटला, तेव्हा बाजारातून आणून बसवलेला. गाडीच्या कागदांचं वेळच्या वेळी नूतनीकरण करणारे, पर्यावरण कर भरणारे काका या एका गोष्टीची नोंद ठेवायला विसरले होते. ती आम्हाला एप्रिलमध्ये कळली.

दिवाळीआधी तेल बदललं होतं. त्या वेळी पोरानं जुनाच वायसर परत लावला. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा तोंडाशी नीट बसत नाही. जुनी माणसं तो गॅसवर लाल करून पाण्यात टाकत. पोलाद असं केल्यानं कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं नवा लावावा, दहा-वीस रुपयांची वस्तू. पहिल्या गळतीचं कारण बहुधा एवढंच होतं. बहुधा म्हणतोय, कारण खात्री करून घ्यायच्या आत आम्ही पुरावाच बिघडवून टाकला.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत, काका गाडी घेऊन एका गॅरेजात गेले. मी बरोबर होतो. गाडी खड्ड्यावर घेतली. पोरानं खालून बोट लावलं, तेल बघितलं आणि सतराचा रिंग पाना चढवला. वरून उस्ताद म्हणाला, “आवळ बे.” पोरानं आवळला. “अजून आवळ.” पोरानं कोपऱ्यातला पाईप आणून पान्याच्या दांड्याला लावला आणि लोंबकळला. खालून कट्ट असा आवाज आला. काकांनी माझ्याकडं बघितलं, मी उस्तादाकडं. उस्ताद म्हणाला, “बसला आता. इंचभर पण हालणार नाही बघा, मालक.”

त्या आवाजाचा हिशोब मी पुढं मांडला. अशा बोल्टाला साडेतीन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, म्हणजे हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी. वीतभर पाना धरला, म्हणजे वीस सेंटिमीटर, तर हातानं साडेसतरा किलोचा जोर. धडधाकट माणूस एका हातानं सहज देतो. पाईप लावून दांडा साठ सेंटिमीटर झाला आणि पोरानं चाळीस किलोचा भार टाकला, तर चोवीस किलोग्रॅम-मीटर होतात. जवळजवळ सातपट. बोल्ट पोलादाचा, तो ताणला जाऊनही टिकला. पण बुशाला धरून ठेवणारं वेल्डिंग आणि त्याच्या कडेचा मिलिमीटरभर पत्रा यांनी तो पीळ कुठं जिरवायचा?

आठवडाभर गळती थांबल्यासारखी वाटली. काका खूश. मग दर गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाऊन आले की अंगणात ठिपके दिसायला लागले. इतर दिवशी फारसं काही नाही. हा धागा काकूंनी पकडला. “गुरुवारीच का गळतंय? स्वामींना तेल वाहताय का?” थट्टा होती, पण निदानात पहिली कामाची गोष्ट हीच निघाली.

अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर. परतेपर्यंत तेल पुरतं तापलेलं असतं. काकांच्या गाडीत 20-डब्ल्यू-40 ग्रेडचं तेल पडतं. या ग्रेडचं तेल शंभर अंशांवर 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक एवढंच दाट उरतं. चाळीस अंशांवर तेच साधारण आठपट दाट असतं. म्हणजे फट तेवढीच राहिली तरी गरम तेल तिच्यातून सहज निसटतं आणि गार तेल अडून बसतं. बंद गाडीखाली सकाळी पुठ्ठा ठेवून “काही गळत नाही” म्हणणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो, आणि आम्ही दोन महिने तेच केलं.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका माणसानं बोल्ट काढून आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली. नळाच्या जोडात आटेच पाणी अडवतात, म्हणून तिथं टेप चालते. इथले आटे सरळ असतात, ते फक्त बोल्टाला खेचून धरतात. तेल अडतं ते वायसरच्या बैठकीवर. शिवाय टेपेचा तुकडा सुटून आत गेला तर तो तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो, आणि जाळी बंद झालेलं इंजिन किती वेळ चालतं हे कुणी आजमावू नये. मार्चमध्ये काकांनी स्वतःच दोन कांड्या मळून लावायची ती लांबी बोल्टाभोवती थापली. तेलकट पत्र्यावर ती चिकटलीच नाही. चार दिवसांनी भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी गोल चकती अंगणात पडली.

तोवर तेल मोजायच्या पट्टीवर पातळी उतरायला लागली होती. सहा आठवड्यांत पाव लिटर भरावं लागलं.

अण्णा आले ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. पूर्व भागात त्यांचं घर. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. आधी गिरणीत फिटर, गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर जॉबर. मागांच्या यंत्रांत आयुष्य गेलेलं, मोटारीचं काम त्यांनी कधी केलेलं नाही. काकांची आणि त्यांची दोस्ती गिरणीच्या दिवसांपासूनची. ते आले होते चहाला. गाडीखालचा पुठ्ठा बघून त्यांनी विचारलं, “तेल कुठनं निघतंय?” काका म्हणाले, “बोल्टातनं.” अण्णांनी परत विचारलं, “कुठनं पडतंय ते नाही विचारलं. कुठनं निघतंय?”

चेंबरचा बोल्ट इंजिनाच्या सगळ्यात खालच्या टोकाला असतो. वर कुठंही पाझर असला, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये, फिल्टरच्या रबरात, ऑईल प्रेशरच्या स्विचपाशी, क्रँकच्या सीलात, चेंबरच्या स्वतःच्या पॅकिंगमध्ये, तरी तेल ओघळत शेवटी त्याच बोल्टावर येऊन टपकतं. चालत्या गाडीत वाराही त्याला मागं ढकलतो. त्यामुळं या बोल्टावर नेहमीच जास्तीचे गुन्हे दाखल होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापायच्या आत आम्ही गाडी उचलली. शहाबादी फरशीवर जॅक नुसता ठेवला तर फरशी तडकते, म्हणून खाली जाड फळी. दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा अण्णांचा दम मला आणि काकांना सारखाच. आधी इंजिनाचा सगळा खालचा भाग डिझेलनं आणि जुन्या चड्डीच्या फडक्यानं पुसून कोरडा केला. नंतर अण्णांनी काकूंकडं पावडरचा डबा मागितला. अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर त्यांनी चेंबरवर, फिल्टरभोवती, कव्हरच्या कडेला भुरभुरली. वीस मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं, आणि टॉर्च घेऊन खाली गेलो.

पावडरवर ओल लगेच उठून दिसते. टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात बोटभर काळपट पट्टा उमटला होता. तिथं पाझर होता, पण तो खाली पोचत नव्हता. फिल्टर कोरडा. चेंबरच्या पॅकिंगची कड कोरडी. आणि बोल्टाचं डोकं कोरडं. वायसरची कडही कोरडी. ओली होती ती बुशाची कॉलर, वायसरच्या बाहेर पाव इंचावर, जिथं बुश पत्र्याला मिळतो तिथं. पावडरीवर चंद्रकोरीएवढी ओल आणि तिच्या टोकाला लोंबणारा थेंब.

मी तिथंच पाठीवर पडून हसायला लागलो. चार महिने आम्ही ज्याला आवळत, गुंडाळत, थापत होतो तो बोल्ट तेल बरोबर अडवत होता. अण्णा वरून म्हणाले, “बोल्टाला कशाला शिव्या देता? कड रडतीय.”

तरीही त्यांना खात्री हवी होती. तेल सोडलं, चेंबर उतरवला. दहाच्या पान्याचे बोल्ट सगळीकडून थोडे थोडे सैल करत आणि लाकडी हातोडीनं हलके टोले देत, कारण मधे पाना खुपसून उचकटलं की कड वाकते आणि नवी गळती विकत घेतली जाते. चेंबर सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतला. बाहेरच्या बाजूनं, बुशाभोवती, खडूची भुकटी पाण्यात कालवून लावली आणि उन्हात वाळवली. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, पाच मिनिटांत पांढरं फटक. आतल्या बाजूनं बोटभर डिझेल ओतलं. गिरणीत वेल्डिंगच्या टाक्या तपासायला रॉकेल वापरायचे, पण आता ते आणायचं कुठून, म्हणून डिझेल. दोन्ही बारीकातल्या बारीक चिरेत शिरतात. अर्ध्या तासात खडूवर राखाडी रेघ उमटली. बुशाच्या कडेनं साधारण पाव वर्तुळ. डोळ्याला न दिसणारी चीर खडूनं पेन्सिलीसारखी काढून दाखवली.

जानेवारीतला कट्ट आवाज तिथूनच आला असणार.

आता काय करायचं यावर मात्र आमच्यात एकमत नव्हतं. काकांचं म्हणणं, नवा चेंबर आणू आणि मोकळे होऊ. हजाराच्या आत मिळतो. दुकानदारानं तीन-चार दिवस सांगितले होते. मला वाटत होतं, जुना बुश ठेवून चिरेवरून वेल्डिंगची एक रेघ ओढली तर भागेल. अण्णांनी दोन्ही मोडून काढलं. नवा चेंबर चालेल, पण बाजारातला आहे, बुशाचं वेल्ड कसं असेल ते आधी खडूनं तपासून मगच लावायचं. चिरेवर आर्क वेल्डिंग करायचं नाही. पातळ पत्रा त्यानं जळतो, भोकं पडतात, आणि उष्णतेनं चेंबरची वरची कड वाकडी होते. शिवाय बोल्टाचे आटे नव्या बोल्टाच्या आट्यांना लावून बघितले तर ते एकमेकांत बसेनात. म्हणजे बोल्ट ताणला गेलेला, बुशाच्या आतलेही आटे दमलेले. अर्धवट जुनं ठेवण्यात अर्थ नव्हता. अण्णांचा निर्णय: बुश कापून काढायचा, लेथवर नवा करायचा, पितळेची झाळ लावायची. मला तेव्हा हे अति वाटलं होतं. आज मी असतो तर नवा चेंबर तपासून लावला असता. तीन दिवसांत काम झालं असतं. पण अण्णांनी जे केलं ते बघायला मिळालं नसतं, हेही खरं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचे सुटे भाग करणारं एक छोटं वर्कशॉप आहे. अण्णांची तिथं ऊठबस. दुपारी कडक ऊन, आत दोन लेथ आणि एक पंखा, आणि पंख्याची हवा लेथवाल्याला सोडून बाकी सगळ्यांना. माईल्ड स्टीलच्या बारमधून त्यानं कॉलरचा बुश काढला. साडेबाराचं ड्रिल, मग आटे पाडायचा 14 गुणिले दीडचा टॅप. हे साधं गणित: बाहेरच्या मापातून पिच वजा केलं की ड्रिलचं माप मिळतं. अण्णांची एकच अट होती. आटे आणि वायसरचं तोंड एकाच पकडीत करायचं, बुश चकमधून सोडून उलटा धरायचा नाही. तोंड आट्यांशी काटकोनात नसेल तर बोल्ट एका बाजूनं आधी टेकतो, वायसर एका बाजूनं दबतो, आणि मग माणूस दुसरी बाजू दाबायला अजून आवळतो.

बुश आत किती वर ठेवायचा यावर थोडा वेळ गेला. आत जास्त आला तर जुनं तेल त्याच्या काठापर्यंत साचून राहतं, पूर्ण निघतच नाही. खाली जास्त आला तर रस्त्यावरचा दगड परत त्यालाच भेटणार. शेवटी आतला काठ बुटका ठेवून त्यात कानसीनं दोन खाचा पाडल्या, तळाचं तेल त्यातून वाहावं म्हणून.

झाळ लावणारा वेगळा. त्यानं चेंबर आधी गॅसच्या ज्योतीनं शेकून उरलासुरला तेलाचा धूर काढला. “तेल राहिलं की पितळ पळतंय,” एवढंच बोलला. टाकणखार लावला आणि पितळेची कांडी टेकवली. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं, पत्र्याच्या पोलादाला पंधराशेच्या घरात जावं लागतं. म्हणून पत्रा वितळत नाही, फक्त लाल होतो, आणि पितळ पाण्यासारखं बुश आणि पत्र्यातल्या फटीत ओढलं जातं. सोनेरी कडी पूर्ण गोल फिरली तसा अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. चेंबर पाण्यात न टाकता तसाच गार होऊ दिला. आट्यांतून टॅप परत एकदा फिरवला, तापण्यानं कुठं काही आवळलं असेल तर सुटावं म्हणून. परत खडू, परत डिझेल, या वेळी नवा बोल्ट आणि नवा वायसर लावून, रात्रभर. सकाळी खडू कोरडा.

बसवणं त्यामानानं सरळ होतं. जुनं पॅकिंग खरवडलं, सिलिकॉनची सलग वळी ओढली, बोल्ट मधून कडेकडे थोडे थोडे आवळले. हे सहा मिलिमीटरचे बारीक बोल्ट आहेत, त्यांना एक किलोग्रॅम-मीटर पुरतं. काकांचा हात तिथंही शिवशिवत होता, अण्णांनी पाना काढून घेतला. सिलिकॉन पकडायला एक दिवस सोडला. तळाचा बोल्ट वीतभर पान्यानं, एका हातानं. आधी हातानं टेकेपर्यंत, मग वायसर दबल्याची जाणीव होईपर्यंत. नंतर मी ओळखीच्या एकाचा टॉर्क पाना आणून तपासलं. अण्णांचा हात साडेतीनला दोन-तीन दशांश कमी होता.

लेथ आणि झाळीचे मिळून सहाशे, बोल्ट-वायसर आणि सिलिकॉन अडीचशे, तेल-फिल्टर वेगळं. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, शेंगा चटणीचा डबा मात्र नेला. जुनं काळं तेल कॅनमध्ये भरून भंगारवाल्याला दिलं. काकांचा बेत ते मागच्या गटारीत ओतायचा होता.

पहिल्या गुरुवारी अक्कलकोटहून परत आल्यावर गाडी मुद्दाम गरम असतानाच पुठ्ठ्यावर लावली. पुठ्ठ्यावर तारीख लिहायची सवय मला लागली होती. दर गुरुवारी नवा पुठ्ठा. सहाव्या पुठ्ठ्यापर्यंत बोल्टाच्या खालची जागा कोरी राहिली. सातव्यावर मोहरीएवढे दोन डाग पडले, पण डाव्या बाजूला, टॅपेट कव्हरच्या त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. काकांनी लगेच पाना शोधायला घेतला. अण्णांना फोन लावला तर ते म्हणाले, टॅपेट सेट करायचे असतील तेव्हा पॅकिंग बदलून टाका, तोवर कव्हरच्या बोल्टाला हात लावू नका. काकूंनी रांगोळी हातभर उजवीकडं सरकवली आहे.